मावशींची तीन कार्डं आणि त्यात अडकलेले पैसे : एक प्रकरण

घणसोलीत राहणाऱ्या एक मावशी ब्युरोमार्फत पेशंटची ड्युटी करतात. कधी बारा तासांची, कधी चोवीस तासांची, तर कधी सलग दोनतीन दिवस पेशंटच्या घरीच राहायचं. मागची मोठी ड्युटी मुंबईच्या पश्चिम उपनगरात होती, म्हणजे आधी ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथून पुढे दुसरी लोकल, मग मेट्रो आणि शेवटचा टप्पा बसने. येणंजाणं रोजचं नसल्याने महिन्याचा पास परवडत नव्हता, तिकीटं काढूनच प्रवास चालायचा. मावशींकडे साधा फोन आहे, स्मार्टफोन त्यांच्या मुलाकडे, तो कुरिअरची कामं करतो त्यामुळे दिवसभर फोन त्याच्याबरोबर बाहेर. म्हणून सगळा प्रवास कार्डांवर. रेल्वेचं एटीव्हीएमचं (स्टेशनवरच्या तिकीट काढायच्या मशीनचं) स्मार्टकार्ड, मेट्रोचं कार्ड, बसचं कार्ड.

पेशंट आजोबा गेले, ड्युटी संपली, नवीन काम नवी मुंबईतच मिळालं आणि तिन्ही कार्डं एकदम बिनकामाची झाली. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी सकाळी आम्ही दोघंतिघं लोकांचे फॉर्म, अर्ज, आधार-रेशनची कामं बघून देतो, तिथे मावशी तिन्ही कार्डं रबर लावून घेऊन आल्या. म्हणाल्या, "दादा, यातलं डिपॉझिट तेवढं काढून द्या, पोराला टायर बदलायचाय गाडीचा."

मेट्रो आणि बसच्या कार्डावाल्यांचं नाव मी मुद्दाम लिहित नाही. एका सेवेची तक्रार करायला हे लिहिलेलं नाही, असे पैसे कुणाचेही कुठल्याही कार्डात अडकू शकतात आणि ते कसे अडकतात ते लोकांना नीट कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, मावशींच्या मते त्यांचे सगळे पैसे "डिपॉझिट" होते. कार्ड घेताना दिलेले, नंतर भरलेले, मुलाने फोनवरून टाकलेले, सगळे. प्रत्यक्षात त्या तीन कार्डांत चार प्रकारचे पैसे होते आणि चारही पैशांचे परत मिळायचे रस्ते वेगळे. एक, खरं डिपॉझिट, कार्ड परत केलं की मिळणारं. दोन, कार्डाची किंमत, जी एकदा दिली की गेली. तीन, कार्डाच्या चिपमध्ये बसलेला बॅलन्स. आणि चार, ऑनलाइन भरलेले पण चिपपर्यंत न पोचलेले पैसे. हा चौथा प्रकार कुणालाच माहीत नसतो आणि मावशींची सगळ्यात मोठी रक्कम तिथेच होती.

रेल्वेचं कार्ड सगळ्यात सोपं निघालं. एटीव्हीएमच्या स्मार्टकार्डाला ५० रुपये परत मिळणारं डिपॉझिट असतं, कार्ड चालू स्थितीत पाहिजे, तुटलेलं वाकलेलं नको. मावशींनी ते प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं होतं. त्या स्टेशनवर गेल्या, कार्डाचं काम बघणाऱ्या खिडकीवर रांग लावली, कार्ड दिलं, डिपॉझिट आणि आतले उरलेले पैसे रोख हातात घेऊन आल्या. ना अर्ज, ना ईमेल, ना ओटीपी. माझ्या मते डिपॉझिट असं असावं. ज्या खिडकीवर घेतलं त्याच खिडकीवर परत, आणि ज्या रूपात घेतलं त्याच रूपात, म्हणजे रोख घेतलं तर रोख. गॅस सिलिंडरचं डिपॉझिट आपण वर्षानुवर्षं एजन्सीकडे ठेवतो आणि त्याची कुणाला काळजी वाटत नाही, कारण कागद जपला की पैसे कुठे मिळणार ते माहीत असतं.

आता मेट्रोचं कार्ड.

हे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड प्रकारातलं होतं. ही योजना ४ मार्च २०१९ ला अहमदाबादमध्ये सुरू झाली, रुपे कार्डावर चालते, कल्पना अशी की एकच कार्ड देशभरच्या मेट्रोत, बसमध्ये, पार्किंगला चालावं. मुंबईत १९ जानेवारी २०२३ ला मेट्रो २अ आणि ७ चा पुढचा टप्पा सुरू झाला तेव्हा "मुंबई १" नावाचं कार्ड आलं तेही याच जातीचं. कल्पना चांगली आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचण येते ती कार्डाच्या आतल्या रचनेमुळे, आणि ती रचना तशी का आहे हे समजून घेतलं तर पुढचं सगळं समजतं.

मेट्रोच्या गेटवर सकाळी मागे पन्नास माणसं उभी असतात. तिथे कार्ड लावल्यावर गेट बँकेच्या सर्व्हरला विचारत बसलं तर रांग जिन्यापर्यंत जाईल, आणि बसमध्ये तर अर्ध्या रस्त्यात नेटवर्कच नसतं. म्हणून पैसे कार्डाच्या चिपमध्येच ठेवलेले असतात, गेट ते तिथल्या तिथे वाचतं आणि कापतं, पिन लागत नाही. चिपमध्ये जास्तीत जास्त २००० रुपये राहतात. याचा अर्थ असा की चिपमधले पैसे जवळजवळ रोख रकमेसारखेच, कार्ड हरवलं तर ते पैसे गेले, कार्ड ब्लॉक करून चिपमधला बॅलन्स वाचत नाही, कारण गेट बँकेला विचारतच नाही. हे कार्ड घेताना खिडकीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि याची दुसरी बाजू म्हणजे मावशींचा प्रॉब्लेम. मुलाने फोनवरून यूपीआयने ५०० रुपये भरले, त्याच्या खात्यातून गेले, मेसेज आला, सगळं बरोबर. पण ते पैसे गेले कार्ड देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. चिपमध्ये ते आपोआप येऊ शकत नाहीत, चिप मावशींच्या पर्समध्ये असते ना. त्यासाठी स्टेशनवरच्या मशीनवर किंवा काउंटरवर कार्ड लावून बॅलन्स अपडेट करून घ्यावा लागतो, तेव्हा ते पैसे चिपवर लिहिले जातात. हे मुलाला माहीत नव्हतं, मावशींना माहीत असायचं कारणच नाही. गेटवर जुना बॅलन्स दिसला म्हणून मावशींनी खिडकीवर रोख १०० भरले आणि ते लगेच दिसले, त्यामुळे त्यांची समजूत झाली की फोनवरून भरलेले पैसे खोटे आणि खिडकीवरचे खरे. मुलाशी यावरून घरात भांडणसुद्धा झालं होतं, त्याने पैसे भरलेच नाहीत असं त्यांना वाटत होतं. तो बिचारा मेसेज दाखवत राहिला.

म्हणजे हिशोब असा झाला. कार्डाची किंमत गेलेली, ती परत मिळणार नव्हती. चिपमध्ये शंभरच्या आसपास बॅलन्स. आणि सर्व्हरवर ५०० रुपये पेंडिंग, ज्याची मावशींना पूर्ण आशा सुटलेली.

आम्ही आधी कार्ड देणाऱ्याच्या कस्टमर केअरला फोन लावला. उत्तर आलं की स्टेशनवर जाऊन अपडेट करून घ्या, मग प्रवासात वापरा. आता प्रवासच नाही तर वापरायचं कुठे? शिवाय तिथपर्यंत जायचं म्हणजे मावशींचा एक खाडा आणि जाण्यायेण्याचं भाडं, ५०० मधले शे-दीडशे त्यातच संपणार, आणि पैसे चिपवर एकदा चढले की ते बाहेर काढणं आणखी अवघड. म्हणून आम्ही ठरवलं की पेंडिंग रक्कम चिपवर चढवायचीच नाही, सर्व्हरवर आहे तोपर्यंतच परत मागायची. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा एकच निर्णय निर्णायक ठरला.

परत मागायची तर कुठल्या आधारावर, म्हणून कार्डाचा प्रकार शोधायला बसलो. इथे थोडं नियमांचं सांगतो, कंटाळवाणं आहे पण पैसे यावरच मिळतात किंवा बुडतात. पैसे आधी भरून ठेवायच्या अशा साधनांना रिझर्व्ह बँक प्रीपेड पेमेंट इन्स्ट्रुमेंट म्हणते आणि त्यात प्रकार आहेत. एक प्रकार फक्त सार्वजनिक वाहतुकीसाठीचा, त्यात एका वेळी जास्तीत जास्त ३००० रुपये ठेवता येतात, केवायसी लागत नाही, पण त्यातून रोख काढता येत नाही आणि रिफंडही मिळत नाही. म्हणजे वाहतुकीसाठी टाकलेले पैसे वाहतुकीतच संपवायचे. दुसरा प्रकार छोट्या वॉलेटचा, मोबाइल नंबर आणि ओळखपत्राचा नंबर देऊन उघडलेला, मर्यादा १०,००० ची, आणि हा प्रकार ग्राहकाला कधीही बंद करता येतो, बंद केल्यावर उरलेली रक्कम जिथून भरली त्या खात्यात परत गेली पाहिजे. दिसायला दोन्ही कार्डं सारखीच, दोन्हीवर रुपेचा तोच लोगो, आणि खिडकीवरच्या माणसाला विचारलं तर त्यालाही बहुतेक वेळा फरक सांगता येत नाही. त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

मावशींच्या कार्डाबरोबर एक पत्रक आलं होतं, ते त्यांनी फेकलं नव्हतं, कपाटात कागदाखाली अंथरलं होतं. त्यावर बारीक अक्षरात छोट्या वॉलेटच्या प्रकाराचा उल्लेख सापडला. तो सापडल्यावर निम्मं काम झालं.

मग मुलाच्या ईमेलवरून लिहिलं. लांबलचक तक्रार न करता चारपाच ओळीच, कार्डाचे शेवटचे चार आकडे, रजिस्टर मोबाइल नंबर, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि तारीख, आणि स्पष्ट वाक्य की वॉलेट बंद करायचंय आणि चिपवर न गेलेली रक्कम मूळ खात्यात परत हवी. पहिलं उत्तर तेच, स्टेशनवर जा. आम्ही त्याच ईमेलला उत्तर देऊन लिहिलं की स्टेशनवर जायची गरज नाही, आम्हाला अपडेट नको, बंद करायचंय, आणि ३० दिवसांत काम झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. ही लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून एकत्र झाली आहे, बँका आणि अशी वॉलेट देणाऱ्या कंपन्या दोन्हींसाठी एकच जागा, तक्रारीला फी नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. अट एवढीच की आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी आणि ३० दिवसांत उत्तर आलेलं नसावं किंवा आलेलं उत्तर पटलेलं नसावं. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळं ईमेलवर ठेवलं, फोनवर बोललेलंही नंतर ईमेलमध्ये लिहून पाठवलं. फोनवरच्या बोलण्याला नंतर काहीच किंमत राहत नाही.

लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. मुदत संपायच्या आत ५०० रुपये मुलाच्या खात्यात परत आले. मावशींनी मुलाला जवळ घेतलं असं तोच सांगत होता, रकमेपेक्षा त्याला ते जास्त मोठं वाटलं.

चिपमधल्या शंभराचं काय? ते परत मिळणार नाहीत असं कंपनीने लिहून दिलं होतं. पण इथे कार्ड सगळीकडे चालतं या गोष्टीचा खरा उपयोग झाला. मावशींची लेक पिंपरीला दिलेली आहे, आणि पुणे मेट्रोत ही कार्डं चालतात. पुढच्या खेपेला मावशी लेकीकडे गेल्या तेव्हा स्वारगेटपर्यंत मेट्रोने गेल्या-आल्या, कार्ड गेटला लावलं आणि चाललं. मला स्वतःला याचा फार आनंद झाला, कारण एका शहरात भरलेले पैसे दुसऱ्या शहरात उपयोगी पडणं हीच तर या कार्डामागची मूळ कल्पना. चिपमधले पैसे बुडाले असं समजून कार्ड फेकून देणारे खूप जण आहेत, त्यांनी आधी आपलं कार्ड दुसऱ्या कुठल्या शहरात किंवा दुसऱ्या सेवेत चालतं का ते बघावं.

राहिलं बसचं कार्ड, आणि इथे मात्र आम्ही अजून अडकलेलो आहोत.

हे कार्ड मावशींनी बसमध्येच कंडक्टरकडून घेतलं होतं. कार्डाची सोय उत्तम, कंडक्टरच्या मशीनवर रोख देऊन तिथेच टॉपअप, पेंडिंगचा प्रश्नच नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. घेताना मावशींनी विचारलं होतं, हे जास्तीचे पैसे कसले? कंडक्टर म्हणाले, "डिपॉझिट आहे मावशी, कार्ड परत केलं की मिळेल." आता परत करायला गेलं तर डेपोत सांगतात ती कार्डाची किंमत आहे, डिपॉझिट नाही. मशीनच्या पावतीवर नुसतं "कार्ड" आणि रक्कम. कंडक्टर खोटं बोलले असं मी म्हणणार नाही, गर्दीच्या बसमध्ये तिकीटं फाडता फाडता त्यांनाही जे वाटलं ते त्यांनी सांगितलं असेल. पण मावशींनी पैसे दिले ते परत मिळणार या शब्दावर दिले, आणि तो शब्द देणारा माणूस त्या सेवेचा गणवेश घालून उभा होता. शिवाय त्याच कार्डात त्यांनी ठरावीक फेऱ्यांचा एक प्लॅन घेतला होता, त्याची मुदत ड्युटी संपल्यावर निघून गेली आणि उरलेल्या फेऱ्या गेल्या. प्लॅनची मुदत त्यांना सांगितली होती, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

जगात इतरत्र हे कसं चालतं ते बघितलं तर दोन्ही प्रकार दिसतात. हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड १९९७ चं, या क्षेत्रातलं सगळ्यात जुन्या आणि यशस्वी कार्डांपैकी एक, त्याला ५० हाँगकाँग डॉलर डिपॉझिट असतं आणि त्या डिपॉझिटचा प्रवाशाला रोजचा उपयोग आहे, बॅलन्स कमी पडला तरी कार्ड एका मर्यादेपर्यंत उणे जाऊ देतं, म्हणजे रात्री उशिरा घरी जाताना पैसे संपले म्हणून कुणी गेटबाहेर अडकत नाही. डिपॉझिट घ्यायचं तर असं घ्यावं. जपानच्या सुइका कार्डाला ५०० येनचं डिपॉझिट आहे, कार्ड परत केलं की मिळतं, मात्र आत बॅलन्स शिल्लक असेल तर त्यातून २२० येन फी कापतात, म्हणून तिथले लोक आधी बॅलन्स शून्यावर आणतात आणि मग कार्ड परत करतात. लंडनच्या ऑयस्टरला आधी परत मिळणारं डिपॉझिट होतं, सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी सरळ परत न मिळणारी फी केली, तेव्हा ती ७ पौंडांची होती. ते प्रवाशाच्या बाजूने चांगलं झालं असं मला वाटत नाही, पण फी आहे हे त्यांनी फी म्हणून सांगितलं. आपल्याकडे दिल्ली मेट्रोच्या स्मार्टकार्डालाही ५० रुपयांचं डिपॉझिट राहिलेलं आहे.

यातलं काहीही निवडा, प्रवासी निभावून नेतो. निभत नाही ते एकच, घेताना डिपॉझिट आणि परत करताना किंमत.

हे आत्ता लिहायचं कारण असं की आपल्या भागात तिकीटाची पद्धत झपाट्याने बदलतेय. ८ ऑक्टोबर २०२५ ला "मुंबई वन" ॲप सुरू झालं, त्यात मेट्रोच्या मार्गिका, मोनोरेल, लोकल, बेस्ट आणि त्याचबरोबर आपली ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी, कल्याण-डोंबिवली आणि मिरा-भाईंदरच्या बससुद्धा, एकूण ११ सेवा एका ॲपात. तिथे डिपॉझिटच नाही, तिकीटाचे पैसे द्या आणि क्यूआर दाखवा. ज्याच्याकडे चांगला फोन आणि डेटा आहे त्याने बिनधास्त ते वापरावं. पण मावशींसारख्या बायका, सकाळी सहाच्या गाडीला रबाळे-घणसोलीला चढणाऱ्या, साधा फोन असणाऱ्या, त्यांच्यासाठी कार्ड हाच सोयीचा मार्ग राहणार आहे, आणि त्यांच्याच पैशांची सगळ्यात जास्त काळजी घेतली पाहिजे. त्यांचे ५० रुपये म्हणजे एका दिवसाचा चहा-नाश्ता आणि येण्याचं भाडं. अशा कार्डात पडून राहिलेल्या पैशांवर ग्राहकाला व्याजही मिळत नाही, नियमच तसा आहे.

म्हणून टीएमटी आणि एनएमएमटीच्या लोकांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझं मागणं साधं आहे. कार्ड विकताना मशीनच्या पावतीवर दोन रक्कमा वेगळ्या छापा, परत मिळणारी किती आणि न मिळणारी किती, मराठीत छापा, आणि परत कुठे मिळेल त्या डेपोचं नाव खाली टाका. मशीनमध्ये एवढा बदल करायला काही फार लागत नाही. फोनवरून टॉपअप झाल्यावर जो मेसेज जातो त्यातच एक ओळ घाला की स्टेशनवर कार्ड लावल्याशिवाय हे पैसे वापरता येणार नाहीत. मावशींच्या घरातलं भांडण त्या एका ओळीने टळलं असतं.

आणि प्रवाशांसाठी, मी आता ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, कार्ड घेताना पावती आणि पत्रकाचा फोटो मुलाच्या फोनमध्ये काढून ठेवा, पावतीची शाई दोन महिन्यांत उडते. चिपमध्ये आठवड्याला लागेल तेवढंच ठेवा. काम बदलणार असं दिसलं की टॉपअप थांबवा आणि आहे ते प्रवासात संपवा. पैसे ऑनलाइन भरून चिपवर चढवले नसतील आणि प्रवास बंद होणार असेल तर घाईने अपडेट करू नका, आधी परत मागून बघा.

बसच्या कार्डाची लेखी तक्रार आम्ही डेपोत दिली आहे, त्यावर शिक्का आणि आवक नंबर घेतलाय. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल बससेवेला लागू होत नाही, तो फक्त कार्डामागच्या बँकेला किंवा वॉलेट कंपनीला लागू होतो, त्यामुळे इथे रस्ता ग्राहक हेल्पलाइनचा, नंबर १९१५. डेपोकडून उत्तर आलं नाही तर तिथे नोंदवणार, नंतर गरज पडली तर ग्राहक आयोग. रक्कम छोटी आहे, पण मावशी म्हणाल्या, "दादा, माझ्यासारख्या किती जणींचे असतील, तुम्ही लिहा पुढे."

सध्या त्यांची ड्युटी खारघरच्या बाजूला आहे. बेलापूरपर्यंत लोकलने जातात, पुढे नवी मुंबई मेट्रोने, पेंधरपर्यंतच्या ११ स्टेशनांपैकी सेंट्रल पार्कला उतरतात. तिकीट खिडकीवर रोख काढतात, कार्ड घेतलेलं नाही. घ्यायचं का ते विचारायला येत्या रविवारी येणार आहेत, तर मी त्यांना म्हटलंय की आधी खिडकीवर विचारून या, परत किती मिळतात आणि कुठे.